काकाजी, काहून?

काकाजींना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच खुर्चीसमोर उभ्या राहून पॉलिश विभागातल्या सुमनबाई त्यांना जाब विचारत होत्या. मी अड्याळहून भंडाऱ्याला काम मागायला आलो होतो, तो दारातच थबकलो.

"काकाजी, पंखा हापिसात काहून? आमी बाया तिकडे उकडून राहिलो!"

बाईंची नोकरी गेली, असे मी धरून चाललो. मोतीरामजींनी, म्हणजे काकाजींनी, पंख्याकडे पाहिले. "खरं हाय. याचं उत्तर माह्यापाशी नाही," असे म्हणून पंखा उतरवायला ते स्वतः स्टुलावर चढले. असल्या जगावेगळ्या मालकाकडे काम करावे की नाही, या विचारात मी पडलो. तो विचार अजून चालू आहे आणि मीही अजून तिथेच आहे.

पितळी भांड्यांच्या आमच्या या लहानशा कारखान्यात दर शनिवारी चहाला सगळे ओट्यावर बसतात. आठवड्यात काकाजींनी जे ठरवले असेल, त्याबद्दल कोणीही ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, असे विचारावे. बहुतेक वेळा त्यांच्याकडे चोख उत्तर असते. नसेल, तर निर्णय रद्द. दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणाऱ्यांची रजा बिनपगारी काहून, हे एकदा विचारले गेले आणि त्या वर्षापासून ती पगारी झाली. "नोकर मालकाले विचारतात?" म्हणून बाजारातले लोक आम्हाला हसतात. हसोत बापडे.

खरी कसोटी लागली ती भट्टीचा फोरमन नेमताना. ते काम मला मिळावे, अशी माझी फार इच्छा होती. भट्टी पेटवण्यापासून वितळलेल्या पितळेचा रस ओतण्यापर्यंत सारे मीच पाहत होतो. काकाजींनी मात्र नाव जाहीर केले ते पुतण्याचे, विलासभाऊंचे. बोलल्या त्या सुमनबाईच.

"विलासभाऊच काहून? त्यायले भट्टी पेटवता येते का?"

काकाजींनी घरी भावजयीला शब्द दिला होता, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. ते म्हणाले, "भावजयीले का सांगाचं ते मी पाहीन. पण इथं माह्यापाशी उत्तर नाही."

फोरमन मी झालो. विलासभाऊ माझ्या हाताखाली भट्टीवर उभे राहून काम शिकले. आज विक्री तेच सांभाळतात आणि काकाजींच्या या गौरवग्रंथासाठी लेख द्या म्हणून माझ्या मागे हात धुऊन लागले तेही तेच.

माझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा माझी पाळी इतरांवर पडू नये म्हणून काकाजी स्वतः भट्टीवर उभे राहिले. कामात चूक झाली तेव्हा सुमनबाईंची बोलणीही त्यांनी निमूटपणे खाल्ली. पुढे शहराबाहेर मोठा कारखाना निघाला आणि तिथल्या मालकांनी आमच्या कारागिरांना जास्त पगार देऊ केला. दोघे गेले आणि काही महिन्यांत परत आले. "तिथं काहून म्हटलं का गेट दाखवतेत," असे त्यांचे म्हणणे. बाकीचे जागचे हलले नाहीत, याचा मला फार अभिमान वाटतो.

पंचाहत्तरी जवळ आली तसे एका शनिवारी काकाजी म्हणाले, "दिवाळीनंतर मी घरी बसतो. आता तुमी चालवा."

काकाजी नसलेला तो ओटा मला डोळ्यांसमोर आणवेना. सुमनबाईंनी कप खाली ठेवला.

"काकाजी, काहून?"

"वय झालं."

"हात थरथरतेत का? डोयाले दिसत नाही का?"

"तसं काई नाही."

"मंग काहून?"

काकाजींनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. उत्तर काही त्यांना देता आले नाही. तेव्हा आमच्या नियमाप्रमाणे तो निर्णय रद्द झाला आहे, हे मी सर्व स्नेहीजनांना येथे आनंदाने कळवतो.

काकाजींनी शंभरी गाठावी, तब्येत अशीच ठणठणीत राहावी आणि शनिवारचा चहा त्यांनी आमच्याबरोबरच घ्यावा. काहून, असे कोणी विचारलेच, तर त्याचे उत्तर आमच्या ओट्यावरच्या प्रत्येकापाशी आहे.