अकराची की तेराची

मी जनावरांची डॉक्टर आहे, डोंबिवलीत माझा दवाखाना आहे आणि मी तापट आहे. या तिन्ही गोष्टी माणसाला पहिल्या भेटीतच कळतात. आठवडाभर कुत्र्यामांजरांना लशी टोचायच्या आणि फोन आला की ठाण्यातल्या एका छोट्या बचाव पथकाबरोबर निघायचं, असं माझं गेली काही वर्षं चाललं आहे. वस्तीत शिरलेलं रानातलं जनावर भूल देऊन पकडायचं आणि वनखात्याच्या ताब्यात द्यायचं, हे आमचं काम. भूल लांबून द्यावी लागते, म्हणून बंदूक. तिच्यातून गोळीऐवजी औषध भरलेली सुई सुटते. तिला डार्ट म्हणतात.

पथकाची पहिली स्वतःची बंदूक निवडायचं काम माझ्याकडे आलं, तोवर आम्ही मागून आणलेली वापरत होतो. ती तेराची होती, म्हणजे तिच्या नळीचं तोंड तेरा मिलिमीटरचं. तिच्या डार्टने मी एक हरीण मारलं होतं आणि हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

ते चितळ होतं. तरुण नर, शिंगांवर अजून मखमल. माजिवड्याच्या पुढे डोंगराला लागून सोसायट्या आहेत, त्यांतल्या एकीच्या जनरेटरच्या खोलीमागे तो अडकला होता. गॅलऱ्यांतून शंभरेक माणसं मोबाइल धरून उभी. मी अंतराचा अंदाज घेतला, त्याप्रमाणे बंदुकीतला हवेचा दाब लावला आणि चाप ओढला. डार्ट मांडीत गेला तेव्हा काटकी मोडावी तसा आवाज आला. चितळ तीन पायांवर वीसेक पावलं धावलं, पडलं, आणि औषध चढायच्या आत संपलं.

"धसका घेतला बिचाऱ्याने," वॉचमन म्हणाला. मग सगळेच तसं म्हणायला लागले.

हरणं धसक्याने मरतात हे खरंच आहे. पकडताना, बांधताना, कधी नुसत्या गोंगाटानेही त्यांचं हृदय बंद पडतं. कॉलेजात हरणांबद्दल पहिली गोष्ट आम्हाला हीच शिकवली होती. म्हणून कोणी काही विचारलं नाही. दादांनी आणि मी मिळून त्याला गाडीत ठेवलं, मी डोक्याकडून आणि दादांनी मागचे पाय धरून. दादा म्हणजे आमच्या पथकाचे प्रमुख, निवृत्त वनपाल, मोजकं बोलणारा माणूस. शवविच्छेदन मीच केलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि सगळी मांडी रक्ताने भरली होती. डार्ट त्या जनावराला जड होता आणि मी दाबही जास्त लावला होता. निम्मी चूक बंदुकीची, निम्मी माझी. अहवालात मी लिहिलं, "तीव्र भीतीच्या धक्क्याने हृदयक्रिया बंद पडून मृत्यू." सही केली, हात धुतले आणि घरी जाऊन नवऱ्याशी उगाच भांडले.

पुढे दोन वर्षांनी बंदूक घ्यायचं ठरलं. विकणाऱ्याने ठाण्याच्या आमच्या ऑफिसात टेबलावर दोन बंदुका ठेवल्या, एक अकराची, एक तेराची. मी अकराचीवर बोट ठेवलं.

"बारीकच का?" दादांनी विचारलं.

"हलकी आहे."

"बिबट्या आला तर? तेराचीत औषध जास्त मावतं."

"औषध दाट करून घेता येतं. अकराची पुरेल."

"पण बारीकच का? तेराची घेतली तर काय बिघडलं?"

मी चिडले. खरं कारण सांगता येत नसलं की मी चिडते, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे. दादांना माहीत नसावं असं मी धरून चालले होते. ऑफिसामागच्या अंगणात दोन केळी होत्या. मी विकणाऱ्याला म्हटलं, उगाच बोलत बसू नका, दोन्ही मारून दाखवा. एकाच दाबावर, एकाच अंतरावरून. अकराचा डार्ट केळीच्या बुंध्यात सुईपुरता रुतला. तेराचा निम्मा आत गेला आणि बुंध्यातून पाणी गळायला लागलं. दादा उठून जवळ गेले, त्या भोकात करंगळी घालून बराच वेळ उभे राहिले.

"बारीकच का, ते सांग ना एकदा," ते तिसऱ्यांदा म्हणाले.

"बघितलंत ना आत्ता?"

"केळीचं बघितलं," दादा म्हणाले आणि त्यांनी अकराचीच्या कागदावर सही केली.

नव्या बंदुकीने आम्ही एक उनाड गाय आणि दोन पिसाळल्यासारखी वागणारी माकडं पकडली. हरीण आलं नाही. येऊ नये असं मला मनापासून वाटायचं. मग एका फेब्रुवारीत सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. कल्याणपलीकडे मोहन्याजवळ एका बांधकामाच्या प्लॉटवर भेकर शिरलंय.

भेकर म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यांत लहान हरणांपैकी एक. मोठ्या कुत्र्याएवढं, आणि भ्यायलं की भुंकतंही कुत्र्यासारखं. आम्ही पोचलो तेव्हा ते भुंकत होतं. प्लॉटला चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले. आत पायाचे खड्डे, आणि खड्ड्यांतून माणसाच्या कमरेएवढ्या लोखंडी सळ्या उभ्या, शंभर तरी असतील. भेकर पलीकडच्या कोपऱ्यात वाळूच्या ढिगाशी उभं होतं. सळ्या त्याच्या डाव्या हाताला. जाळं घेऊन माणसं आत गेली असती तर ते थेट सळ्यांवर गेलं असतं. म्हणजे बंदूकच. आणि नेम एकदाच.

मी तळहात दोनदा पँटला पुसले.

प्लॉटचे मालक फाटकाशीच भेटले. पंचाहत्तरीचे काका, तिथल्याच जुन्या शेतकरी घरातले. पूर्वी इथे त्यांचं भाताचं शेत होतं. त्यांनी पत्र्यातली एक फट दाखवली. "इथून मार. वारा तुज्याकरं येतंय, त्याला तुजा वास नाय लागायचा." मग बंदुकीकडे बघून म्हणाले, "किती बोरची?"

"अकरा."

काका दचकले. "अगो बाय, भेकराला अकरा बोर? माजा बापूस बारा बोरने मारायचा, तवा बंदी नव्हती. अकरा म्हंजे बाराहून जाड. चालन व्हईल त्याची!"

त्यांचं बरोबर होतं. शिकारीच्या बंदुकीत बोरचा आकडा जितका कमी तितकी नळी जाड. पण त्यांच्या तोंडचं ते "चाळण" ऐकून मला चितळाची ती मांडी आठवली. मी त्यांना समजावलं की हे बोर नाही, मिलिमीटर आहे, करंगळीएवढी नळी. "मंग ठीक," काका म्हणाले, पण त्यांची नजर काही ठीक म्हणत नव्हती.

मी फटीशी गुडघ्यावर बसले. अंतर मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं. मध्ये वाळलेलं गवत आणि सळ्या. यंत्र एकदा एकोणीस दाखवी, एकदा चौतीस, एकदा बावन्न. मी ते खिशात टाकलं आणि डोळ्यांनी ठरवलं, पस्तीस मीटर. दाबाचा खटका पस्तीसवर फिरवला.

"कती लांब धरलंस?" काका कानाशी कुजबुजले.

"पस्तीस मीटर."

"मीटर मना नाय कलत. दोन गुंठं हाय ते."

माझा तोल गेला. एक तर ते जनावर भुंकायचं थांबलं होतं, आणि भेकर गप्प झालं की ते पळायच्या बेतात असतं. "काका, क्षेत्रफळ नको मला, अंतर हवंय!" मी दातांवर दात ठेवून म्हटलं. माझं सगळं आयुष्य फ्लॅटमध्ये गेलेलं. गुंठा म्हणजे मला सातबाऱ्यावरचा आकडा, नाहीतर जाहिरातीतला.

"क्षेत्रफल कोन सांगतंय?" काकांचा आवाजही चढला. "गुंठ्याची एक बाजू तेतीस फूट. दोन गुंठं म्हंजे दोन बाजू. त्या वालूच्या ढिगाशी माजा बांध व्हता, मदी एक, आनि तू बसलीस तिथं तिसरा. साखली धरून चारदा मोजनी केलीय या जागेची. भावाबरोबर कोर्टात गेलेलो मी हिच्यापाई."

तेहेतीस दुणे सहासष्ट फूट. वीस मीटर.

मी पुन्हा फटीतून बघितलं. मोकळ्या जागेत लहान जनावर असतं त्याहून लांब दिसतं, हेही मला शिकवलं होतं. चितळाच्या वेळीही शिकवलेलं होतंच. मी पस्तीसवर ठेवून मारला असता तर तोच आवाज पुन्हा ऐकावा लागला असता. आणि काकांचं चुकलं तर डार्ट मध्येच जमिनीत शिरणार, आणि भेकर सळ्यांवर. मी दादांकडे बघितलं. ते माझ्यामागे उकिडवे बसले होते. नजर भेकरावर. त्यांचा मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

मी खटका वीसवर आणला. भेकराच्या मागच्या मांडीचा मांसल भाग, हाडाच्या वर चार बोटं. श्वास सोडला, चाप ओढला.

आवाज नाही आला. म्हणजे बंदुकीचा फुस्स आला, पण तो दुसरा नाही आला. डार्टचं लाल शेपूट मांडीवर लोंबत होतं. भेकराने उसळी मारली, सळ्यांकडे चार उड्या घेतल्या.

"आता वलून बगल," काका पुटपुटले. "भेकर एकदा वलून बगतंच."

आणि ते वळलं. सळ्यांपासून हातभर अलीकडे थांबून त्याने मान मागे करून आमच्या फटीकडे बघितलं. तसंच बघत राहिलं. बाहेर रस्त्यावर गर्दी जमली होती, कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. काका फाटकाबाहेर जाऊन ज्या भाषेत ओरडले ती इथे लिहिता येणार नाही, पण रस्ता चिडीचूप झाला. सहा मिनिटं मी घड्याळाकडे बघत होते. सातव्या मिनिटाला भेकराचे पुढचे पाय दुमडले आणि ते जागच्या जागी बसलं.

मी धावत गेले. त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, नाकपुडीशी हात धरला, छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके जलद होते, पण होते. मग मी मांडी चाचपली, वरून खाली, खालून वर. हाड अखंड होतं. मी परत चाचपलं. दादांना वाटलं असेल मी काहीतरी तपासतेय. मी रडत होते.

दादांनी फटीपासून वाळूच्या ढिगापर्यंत टेप लावून अंतर मोजलं. पासष्ट फूट भरलं. काका म्हणाले, तो एक फूट भावाने ढापलेला आहे.

दुपारी वनखात्याच्या माणसांसमोर भेकर पिंजऱ्यात उठून उभं राहिलं आणि आम्ही निघालो. कल्याणच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली. दादा चालवत होते, बंदूक मागच्या सीटवर पेटीत. अहवालाचा कोरा कागद माझ्या मांडीवर होता. मला आता याहून जास्त वेळ गप्प बसणं जमणार नव्हतं.

"दादा, माजिवड्याचं ते चितळ धसक्याने नव्हतं गेलं."

"माहीत आहे."

"कसं?"

सिग्नल सुटला. दादांनी गिअर टाकला.

"त्याचे मागचे पाय मी धरले होते ना. एक पाय हातात नुसता लोंबत होता." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "म्हणून तर तीनदा विचारलं तुला, बारीकच का."