नानांचं बाकडं

वाशीमला बागेत सकाळी फिरणारा आमचा एक ग्रुप आहे. सगळे रिटायर्ड. मी एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे बोलल्याशिवाय मला चालताच येत नाही. दोन राउंड मारायचे अन् तासभर बसायचं, असं आमचं फिरणं. मग किस्से साचणार नाहीत तर काय? वजन मात्र अजून कोणाचंच उतरलं नाही.

*

आमचे अध्यक्ष नाना, रिटायर्ड हेडमास्तर. बागेतल्या लिंबाखाली त्यांनी सिमेंटचं एक बाकडं दिलंय. पाठीवर आईचं नाव. त्यावर दुसरं कोणी बसलं की नाना काही बोलत नाहीत, समोर जाऊन नुसते उभे राहतात.

एकदा नवीन आलेले एक डॉक्टर तिथं बसले. नाना उभे. डॉक्टरांनी काळजीनं विचारलं, "गुडघे दुखतात का?"

"बसलो की थांबतात," नाना म्हणाले.

डॉक्टर उठले.

*

मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीत रस्त्याकडेला लावायला रोपं आली. सावली सगळ्यांना पाहिजे, पाला झाडायला कोणीच तयार नाही! जो तो म्हणे, "बाजूवाल्याच्या दारात लावा, तिथं चांगलं दिसन."

रोपं बागेच्या गेटपाशी तशीच पडून राहिली. शेवटी धान्य मार्केटात धान्य चाळणाऱ्या शोभाबाईंनी ती मागून नेली. त्यांच्या गल्लीत नावालाही झाड नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, पाला लय पडन."

"पडू द्या ना भाऊ. पाला पडाले आधी झाड तं पाहिजे."

आता त्यांच्या गल्लीतली रोपं माझ्या डोक्यावर गेलीत. आमची कॉलनी उन्हात आहे.

*

याच शोभाबाई एकदा सकाळी आमच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. बाग दहाला बंद होते ती चारलाच उघडते. मार्केटातल्या बाया दुपारी भिंतीबाहेर, रस्त्यावर डबा खातात. आतल्या झाडांची थोडी सावली बाहेर येते. ती सरकली की बायाही डबे उचलून सरकतात.

"माही सून तान्हं लेकरू घेऊन येते," शोभाबाई म्हणाल्या. "आमचं सोडा, त्याले तं सावलीत निजू द्या."

पालिकेचा साहेब त्यांना म्हणाला होता, ग्रुपची हरकत नसेल तर दुपारीही उघडू.

नानांनी मान हलवली. "घान होईन."

चौकीदार गजानन झाडू मारता मारता बोलला, "मास्तर, सकाळी चहाचे कप मी तुमच्याच मांगं उचलतो."

दोघातिघांनी पायाशी ठेवलेले कप उचलून घेतले. मग ठरलं, आठ दिवस उघडून पाहू. पुढं नाना म्हणतील तसं.

*

शेवटच्या दिवशी भर दुपारी नाना तपासायला निघाले, मलाही सोबत नेलं.

गवताच्या कडेला चपला ओळीनं काढलेल्या. कागदाचा तुकडा नाही. बाया खाली जमिनीवर बसलेल्या, लेकरू सुनेच्या मांडीवर. बाकडी सगळी रिकामी.

"बाकड्यावर काहून नाही बसत?" नानांनी विचारलं.

"त्याच्यावर नावं हायेत ना मास्तर," सून म्हणाली. "ज्याइचं हाय ते आले तं उठा लागन. लेकरू जागं होते मंग."

नानांनी रुमाल काढून आपलं बाकडं पुसलं.

"हे माह्या मायचं हाय. मार्केटात धान्यच चाळे माय. निजव पोरी इथं लेकराले."

लेकरू निजलं. थोड्या वेळानं सावली सरकली अन् त्याच्या तोंडावर ऊन आलं. नाना बाकड्यासमोर जाऊन नुसते उभे राहिले.

गजानन कुलूप घेऊन आला. "मास्तर, उद्यापासून लावू का मंग?"

"हळू बोल," नाना म्हणाले. "लेकरू निजलं."