दाराचा माणूस

"घंटा झाली व्हय? मला तर ऐकूच आली न्हाय की."

आमच्या शाळेतले शिपाईमामा हे रोज म्हणत. घंटा त्यांनीच नुकती वाजवलेली असे. हातोडी खाली ठेवून ते फाटकाशी जात आणि उशिरा आलेल्या मुलींना आत घेत. सोलापूरचं पाणी तुम्हाला माहीतच आहे, चार-पाच दिवसांतून एकदा येणार. नळ येईल त्या दिवशी आई विड्या वळायच्या कामावर जाणार आणि घागरी पोरीनेच भरायच्या.

मी इंग्रजीचा मास्तर, शिस्तीचा भोक्ता. "मामा, पोरी सोकावतील," म्हणायचो.

"वर्गाचं तुमी बगा सर. दाराचं मी बगतो."

मग शाळेवर नवे व्यवस्थापक आले. सगळ्यांच्या गळ्यात कार्डं लटकली. मामांच्या कार्डावर 'जॅनिटर', हातात फिनेल. फाटकावर कंत्राटी गार्ड बसला. घंटा झाली की कुलूप, असा हुकूम निघाला.

"संडास धुवायची लाज न्हाय सर, घरी बी धुतो. पण दार कशापायी काढून घेतलं? ह्या शब्दाचा अर्थ तरी काय?"

मी शब्दकोश उघडला. शब्दाचं मूळ लॅटिनमधलं, दारापाशी जाणारं. जॅनिटर म्हणजे आधी द्वारपालच, साफसफाई त्याला मागाहून चिकटली. मामांचा चेहरा खुलला.

"म्हंजे कार्डावर दारच दिलंय की मला! कागदावर लिवून द्या."

मी ऐटीत लिहून दिलं. तो कागद आणि मला घेऊन मामा नव्या व्यवस्थापक साहेबांकडे गेले. साहेब वाचून हसले. "सर, आज या शब्दाचा अर्थ काय होतो?"

"सफाई कामगार," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. पण पुढे त्या मुलींबद्दल दोन वाक्यं बोलायला काय झालं होतं मला? नोकरीला घाबरलो, दुसरं काही नाही. आजही स्वतःची चीड येते. मामांनी कागदाची घडी खिशात घातली. "चला सर, तुमचा तास हाय."

महिन्याभरात ते मोहोळला लेकीकडे निघून गेले. कार्ड स्टाफरूमच्या खिळ्याला तसंच आहे.

परवा आठवीतली एक मुलगी कुलपाबाहेर ओली ओढणी पिळत उभी होती. मी गार्डला म्हणालो, "घंटा झाली का? मला ऐकू आली नाही."

"ऑटोमॅटिक हाय सर. अख्ख्या पेठेला ऐकू जाती."

मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दप्तर सावरून ती घरी निघाली. मी आतच होतो.