व्यवसायाच्या रकान्यात नळ

आमच्या उपनगरातल्या आरोग्य कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीला पडदे शिवले, एसी बसवला आणि दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लावली. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. साथ आली तर ती कोणत्या वस्तीत आहे हे त्याच दिवशी कळावं, एवढ्यासाठी तो आणला होता. आकडेवारीचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्याचीही जबाबदारी माझ्यावर आली.

त्या पावसाळ्याच्या शेवटी घाटकोपरला गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले. रुग्णालयातून फोनवर नाव, वय, पत्ता, व्यवसाय सांगत, आम्ही ते कॉम्प्युटरात भरत असू. संध्याकाळी छापून आलेला कागद पाहून आमच्या वरिष्ठ डॉक्टरबाई चक्रावल्या. रुग्ण परळचे, लालबागचे, काही तर थेट रत्नागिरीचे.

"एवढे जुलाब होत असताना परळहून इथवर कोण येईल हो?"

रात्री जेवताना मी घरी हे सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, आपलं रेशनकार्ड अजून परळलाच आहे ना, भावजींकडे? उद्या इथे मुलुंडला तुम्ही आजारी पडलात तर तुमचा कॉम्प्युटर तुम्हाला परळला शोधत बसेल."

सकाळी मी रुग्णालय गाठलं. सलाईन लावलेल्या एका मुलापाशी त्याची आई बसली होती. आमच्या कागदावर त्यांचा पत्ता लालबागचा होता.

"खरंच लालबागला राहता?"

"कार्डावर तेच आहे ना? मग तेच," ती म्हणाली. "खरा पत्ता कशाला सांगू? झोपडी तोडायला याल."

"मी तोडायला येणारा नाही, बाई. पाणी कुठून भरता, तेवढं सांगा."

ते तिने लगेच सांगितलं. डोंगरावर पिठाच्या गिरणीमागे नळ होता. मग तिचा आवाज उतरला. "धाकटी घरी आहे. तीपण तेच पाणी पिते."

"उकळून पाजा."

"रॉकेल तू देतोस?"

मी नर्सकडून क्लोरिनच्या गोळ्या घेऊन तिला दिल्या. वास येतो म्हणून मुलगी थुंकते, असं तिचं म्हणणं.

पाणी खात्याच्या इंजिनियरला मी तिथूनच फोन लावला. एका बाईच्या सांगण्यावरून नळ बंद करता येत नाही, असं त्याने ऐकवलं. त्याचंही चूक नव्हतं. सगळ्या रुग्णांना विचारायला हवं होतं, पण कॉम्प्युटरात नळासाठी जागाच नव्हती. नवा रकाना हवा तर मुख्य कचेरीला लेखी मागणी करायची आणि वाट पाहायची.

कचेरीत परतून मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "व्यवसायाच्या रकान्यात भरू."

"व्यवसाय नळ? वर काय सांगू मी?"

"वस्तीत रोजगार वाढला म्हणून सांगा."

बाई हसल्या नाहीत, पण रुग्णालयाला फोन त्यांनीच केला. खाटेखाटेपाशी जाऊन एकच प्रश्न विचारायचा, पाणी कुठून भरता. दुपारपर्यंत उत्तरं आली, ती भरून कागद छापला. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पुढे गिरणीमागचा नळ होता. बाईंनी सही केली आणि तो मी स्वतः इंजिनियरच्या टेबलावर नेऊन ठेवला. अंधार पडायच्या आत त्याने नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी खणलं तेव्हा गटारातून गेलेला पाइप गंजून फुटलेला सापडला.

मुलाला घरी सोडलं त्या दिवशी मी पुन्हा रुग्णालयात होतो. धाकटी आईच्या कडेवर बिस्किट खात होती. तिला काही झालं नव्हतं. मला वाटलं, बाई दोन शब्द बरे बोलेल.

"नळ तूच बंद केलास ना?" ती म्हणाली. "टँकर पार खाली रस्त्यावर उभा राहतो. हंडा घेऊन चढून बघ एकदा."

कचेरीत परतल्यावर मी इंजिनियरला फोन लावला आणि नवा पाइप कधी टाकणार ते विचारलं.