आक्कांच्या अंगणातली फ्रेंच कोंबडी

गारगोटीच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत लोणी, छोटे कांदे आणि नाशिककडची पांढरी वाईन होती. खेड्यात नुकते मोबाईल पोचत होते, तेव्हाची ही गोष्ट. माझी मैत्रीण सुनीता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनीयर. कंपनी तिला वर्षभर फ्रान्सला पाठवत होती आणि तिच्या आईचा, आक्कांचा, एकच हट्ट होता: पोरगी तिकडं काय खाणार ते आधी मला बघू दे. मी पुण्यात हॉटेलात स्वयंपाक करते. वाईनमध्ये मंद आचेवर शिजवायची फ्रेंच कोंबडी मला येते, म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

गावाकडे वडापनं (माणसं कोंबून नेणारी खासगी जीप) निघाले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पावणं, पिशवीत काय हाय?" मिरवायची हौस दांडगी! मी बाटली काढून दाखवली. जीप गप्प झाली. कोल्हापुरी माणसं गप्प झाली म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

बातमी माझ्याआधी आक्कांच्या घरी पोचली होती. अंगणात बायका जमल्या होत्या, सुनीताही त्यांच्यात उभी होती. मी 'जयभीम' म्हटलं. आक्का म्हणाल्या, "जयभीम. बाटली आणलीस म्हणं?"

मग उलगडा झाला. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर दुसऱ्या दिवशी बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. बंद हवं तिनं आडवीवर शिक्का मारायचा. या सगळ्याच्या पुढारी आक्काच. आता दुकानदाराची माणसं गावभर सांगणार, की हिच्याच घरात बाटली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. "फेकून देते," म्हटलं.

"फेकलीस तर लपवली म्हणत्याल. हितंच शिजव, समद्यांच्या म्होरं (सगळ्यांसमोर)."

अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर मी लोण्यात कोंबडीचे तुकडे तांबूस केले, कांदे-लसूण टाकले.

"चटणी (कांदा-लसणाचं लाल तिखट) कवा घालणार?" एकीनं विचारलं.

"घालायची नाही."

"आजाऱ्याचं जेवाण हाय व्हय?" सगळ्या हसल्या.

मी वाईन ओतली आणि ऐटीत सांगितलं, की उकळी आली की नशा उडून जाते. वाफ वर आली. चुलीजवळ बसलेल्या शेजारीण शांताबाईंनी नाकाला पदर लावला.

"ह्यो वास माझ्या घरात रोज येतोय," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

 मी चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं.

आक्कांनी भांडं खाली उतरवलं. सगळ्यांच्या देखत वाईन मोरीत ओतली, तुकडे दोन पाण्यांनी खळखळून धुतले आणि, "कोंबडीचा काय गुन्हा?" म्हणत चटणी घालून तांबडा रस्सा केला. सुनीताला म्हणाल्या, "तिकडं तू खा, माझी ना न्हाय. माझ्या चुलीवर नगं." मग वाडगा भरून स्वतः शांताबाईंकडे गेल्या. खरं सांगते, रस्सा फर्मास झाला होता. लोण्याची चव धुऊनही गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढे बायकांची रांग लागली. आक्का सकाळपासून पाणीही प्यायल्या नव्हत्या. संध्याकाळी निकाल आला, बाटली आडवी झाली. बाहेर गुलाल उधळला जात होता आणि आक्का पायरीवर बसून रडत होत्या.

सकाळी मी परत निघाले. शांताबाई वडापपाशी भाकरी बांधून घेऊन आल्या. "त्या दिशी चुलीपासनं उठून गेले, राग धरू नका." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "सुनी जाणार तिथं रोज जेवणात दारू घालत्यात?"

"बरेच जण घालतात."

"मग तिथल्या बायका झोपत्यात कवा?"

ती कोंबडी मी आजही करते. गिऱ्हाइकं विचारतात कुठली वाईन, किती वेळ शिजवायची. ती उत्तरं मला पाठ आहेत.  त्या सकाळी मात्र गाडी सुटेपर्यंत मी खिडकीतून शांताबाईंचा हात धरून बसले.