दादाची शंभर टक्के ओरिजिनल गाडी

आमचा दादा पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणूनच रिटायर झाला. मधल्या काळात त्याने कुणाचं वाकडं केलं नाही, आणि कुणाचं भलं केल्याचंही माझ्या कानावर नाही. घरी यायचं, चहा प्यायचा, टीव्हीपुढे डुलक्या काढायच्या. अशा माणसाने म्हातारपणी एकाएकी वारसा जपायला घेतला, तर घरच्यांनी डोक्याला हात लावायचा नाही तर काय करायचं?

वारसा म्हणजे बाबांची गाडी. ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार. नाव ऐकून माणूस दबतो, पण बसायला जागा दोघांनाच, छप्पर कापडी, आणि अंगाने इतकी बुटकी की सिग्नलला शेजारी सायकलवाला उभा राहिला तर त्याच्या गुडघ्याशी गप्पा माराव्यात. बाबा मोटार मेकॅनिक होते. कुणाच्या तरी बंगल्यामागे ती सडत पडली होती, ती त्यांनी ओढून आणली आणि चालती केली. बाबा गेले, पाठोपाठ इंजिनही बसलं, आणि गाडी दादाच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली.

रिटायर झाल्यावर दादाला जुन्या गाड्यांचा एक क्लब सापडला. तिथे त्याच्या कानावर ‘ओरिजिनल’ हा शब्द पडला आणि माणूस आमच्या हातचा गेला. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती अगदी तश्शी करायची, स्क्रूसकट! तो कारखाना बंद पडून जमाना झाला, बनवणारे कधीच वर गेले, पण त्यांना काय वाटेल याची चिंता आमच्या दादाला. आमची गाडी लालभडक होती. दादाने कुठून कुठून चौकशा करून शोधून काढलं की मूळ रंग दुधाच्या सायीसारखा. झालं, लाल खरवडून टाकला.

“अहो, पण आपण सगळे तिला लाल म्हणूनच ओळखतो ना?” वहिनी बिचारी म्हणाली.

“आपली ओळख चुकीची होती,” दादाने निकाल दिला.

मग घराची जी काही दशा झाली! कार्ब्युरेटर स्वयंपाकाच्या ओट्यावर, गिअरबॉक्स पलंगाखाली. मी गेले की वहिनी दारातच सांगायची, “वन्सं, सोफ्यावर जपून बसा हं, उशीखाली हेडलाइट आहे.” एकदा बघते तर हा बुडाखाली पाट घेऊन गाडीच्या दाराशी बसलेला. सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा उभ्या, एका रेषेत आल्या पाहिजेत म्हणे. स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात होतं, त्याची शुद्ध नाही. इंजिन नवंकोरं केलं तरी ऑइल गळत राहिलं, खाली परात ठेवावी लागली. मी म्हटलं, “अरे, हे तरी दुरुस्त कर.” तर म्हणतो, “या गाड्या गळतातच. तेही ओरिजिनल आहे.”

आता हे सगळं मी इतकी वर्षं का ऐकून घेतलं, ते सांगते. मला ती गाडी चालवायची होती. बस, एवढंच.

माझा डावा पाय जन्मापासून लुळा. क्लच दाबायचा असतो डाव्या पायाने. त्यामुळे सगळ्या नात्यागोत्याने आधीच ठरवून टाकलं होतं की ही पोरगी कसली गाडी चालवते! बाबांनी कुणाशी वाद घातला नाही. त्यांनी गाडीच्या तळाला भोकं पाडली, गिअरच्या दांड्यावर मोटरसायकलच्या क्लचची मूठ बसवली आणि तिथून एक जाड वायर पेडलपर्यंत नेली. मूठ आवळली की क्लच दाबला जायचा. हाताला घट्टे पडले, पण गाडी धावायची. त्या गाडीतून मी कॉलेजला गेले, नोकरीला गेले, बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांना दवाखान्यात मीच नेलं. रस्त्याने चालले की लोक माझ्या पायाकडे बघायचे. गाडीतून गेले की गाडीकडे बघायचे, आणि मग माझ्या तोंडाकडे. ते काय सुख होतं ते दोन धड पायांच्या माणसाला मी कुठे समजावत बसू?

पुढे मी बिनक्लचच्या गाड्या चालवल्या, अजून चालवते. पण ते म्हणजे लिफ्टमध्ये उभं राहण्यासारखं आहे. दादाने काम काढलं तेव्हा तो आपणहून म्हणाला होता, “ठकू, तयार झाली की पहिली चक्कर तुझी.” त्या एका वाक्यावर मी त्याचं स्क्रूपुराण गोड मानून घेतलं.

शेवटी एकदाची ताडपत्री निघाली. गाडी देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू? मी काठी बॉनेटला टेकवणार, तोच दादा “अगं, अगं!” करत धावला. कशीबशी आत बसले. डावा हात सवयीने गिअरवर गेला आणि हाताला नुसता गुळगुळीत गोळा लागला.

“मूठ कुठाय?”

“कसली मूठ?”

“माझी! क्लचची!”

“ते होय,” दादा म्हणाला. “ते काढलं. ओरिजिनल नव्हतं ना. भंगारात दिलं. आणि भोकं अशी बुजवलीत की वेल्डिंगचा पत्ता लागणार नाही. हात फिरवून बघ.”

वर कौतुकाची अपेक्षा!

“मग मी चालवू कशी?”

तो खाली बघायला लागला. “आता परवा स्पर्धा आहे. ती होऊ दे, मग बघू.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रूच्या खाचेवर दुपार घालवणाऱ्या माणसाला सख्ख्या बहिणीचा पाय आठवू नये? मी वहिनीच्या हातचा चहाही न घेता घरी आले आणि फार रडले.

तरी स्पर्धेला गेले. म्हटलं, तमाशा तरी बघू. मैदानात गाड्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या इतक्या चकचकीत की कुणी कधी वापरल्या असतील असं वाटू नये. परीक्षक पांढरे हातमोजे घालून, काठीला बांधलेला आरसा गाडीखाली सरकवून बघत होते. दादा शेजारी घाम पुसत उभा, दहावीच्या निकालाला उभं राहावं तसा. मग जाहीर झालं की मालकांनी गाडी चालवत मंचासमोरून न्यावी.

आणि तिथे पितळ उघडं पडलं. दादाला ती गाडी चालवता येत नव्हती! जन्मभर बसने कचेरीत गेला, पुढे घेतली तीही बिनक्लचची. ही मैदानात आली होती ट्रकवर बसून. दादाने इंजिन चालू केलं, गाडीने उचकी दिली आणि बंद पडली. पुन्हा उचकी, पुन्हा बंद. लोक हसायला लागले. शेवटी क्लबच्या चार जणांनी ढकलत ढकलत मंचासमोरून नेली आणि परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ओरिजिनल गाडीचा पहिला नंबर आमच्या दादाला! गाडी चालते की नाही, याला मार्कच नव्हते म्हणे.

मैदान रिकामं झालं. ट्रक यायचा होता. दादा मांडीवर चषक घेऊन स्टिअरिंगपुढे बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि काठी आपटली.

“दादा, माझा डावा पाय बघ. शंभर टक्के ओरिजिनल आहे. जसा आला तसा, कुणी हात लावलेला नाही. याला दे की एक चषक.”

तो बाहीने चषक पुसायला लागला.

“विसरलास ना मला?”

“विसरलो नव्हतो,” तो म्हणाला. “ती मूठ रोज डोळ्यांसमोर होती. काढायचीच होती मला.”

“का?”

“बाबांनी तुझ्यासाठी गाडीला भोकं पाडली. मी बसायला मागितलं की म्हणायचे, तुला काय धाड भरलीय, तुझे पाय धड आहेत, तू चालत ये. तुम्ही दोघं पुढे निघून जायचात आणि मी धूळ खात मागून यायचो, ठकू. एकदासुद्धा त्यांनी मला शिकवलं नाही. मला वाटलं, आपल्या घरी येण्याआधी होती तशी गाडी केली, तर ती थोडी माझीही होईल.”

मी चांगलं झणझणीत काहीतरी बोलणार होते. ते तसंच गिळलं. राग मात्र गेला नव्हता. आजही गेलेला नाही, कारण ती मूठ भंगारात गेली आणि बाबांच्या हातची दुसरी मिळायची नाही.

मी वळसा घालून डावीकडचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी बसले.

“तो चषक खाली ठेव. किल्ली फिरव. क्लच पूर्ण दाब, पहिला टाक. आता हळू सोड.”

त्याने पाय उचलला आणि गाडी गचकन बंद पडली.

“गाढवा!” मी ओरडले. “सोड म्हटलं, फेकून दे नाही म्हटलं! यंत्र आहे ते, तुझा नोकर नाही! हात जोडल्यासारखा सोड!”

दादा माझ्याकडे बघत राहिला. “बाबा असंच ओरडायचे?”

“अगदी असंच. मला गाढवे म्हणायचे, एवढाच फरक. फिरव किल्ली.”

आणखी दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा मी बाबांचे शब्द जसेच्या तसे त्याच्या अंगावर टाकले. तिसऱ्यांदा गाडी लोण्यासारखी निघाली. दुसरा गिअर पडला, मैदान अर्धं पार झालं. समोर कुणी नव्हतं, गिअर बरोबर होता, पायही बरोबर पडत होता. तरी दादाने मध्येच ब्रेक दाबून गाडी थांबवली, क्लचवरचा पाय धाडकन उचलला, ती बंद पाडली आणि माझ्याकडे तोंड करून वाट बघत बसला.

“गाढवा!” मी म्हटलं, आणि पुढचंही सगळं म्हटलं.