क्लाइडमामाचा राहिलेला निरोप

माझ्या मामाचं क्लाइड हे नाव शाळेनं ठेवलेलं. घरातलं नाव वेगळं होतं, पण ते विधीपुरतंच घ्यायचं असतं, म्हणून इथं सांगत नाही. आम्हा मूळ रहिवाशांच्या राखीव मुलखात, लुकाचुकाई डोंगराच्या पायथ्याशी, त्याच्या आईच्या म्हणजे माझ्या आजीच्या मेंढ्यांमागं हिंडणाऱ्या मामाला सातव्या वर्षी सरकारी गाडीनं उचललं आणि वसतिशाळेत नेऊन टाकलं. केस कापले, बूट घातले आणि सांगितलं, आता फक्त इंग्रजी बोलायचं. त्याला इंग्रजीतला एक शब्द येत नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या भाषेत पाणी मागितलं, तर तिथल्या बाईनं धुण्याच्या साबणाचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला आणि त्याला कोपऱ्यात उभं केलं.

कोपऱ्यात आधीच एक पोरगा उभा होता. त्याच्याही तोंडाला फेस. तो लेस्टर. मेलेल्या माणसाचं नाव आमच्यात घेत नाहीत. पण शाळेनं ठेवलेलं नाव घेतलं तर तितका दोष लागत नाही, असं माझी आई म्हणायची. तिच्या भरवशावर मी घेते आहे.

बाईची पाठ वळल्यावर लेस्टरनं हळूच विचारलं, "कुणाचा तू?"

मामानं आईचं कूळ सांगितलं, बापाचं सांगितलं. लेस्टरच्या आईचं कूळ तेच निघालं. म्हणजे दोघे भाऊ झाले आणि लेस्टरची आई देझबा (हेही सरकारी वहीतलंच नाव) ही मामाची मावशी. पुढची दहा वर्षं दोघांनी साबण वाटून खाल्ला असं मामा म्हणायचा. धुण्याच्या खोलीमागं जाऊन आपल्या भाषेत बोलायचे, पकडले जायचे, पुन्हा बोलायचे.

महायुद्धात, त्रेचाळीस साली, मरीन सैन्याचे दोन अधिकारी शाळेत आले. त्यांना इंग्रजी आणि आमची भाषा दोन्ही नीट येणारी पोरं हवी होती. मुख्याध्यापकांनी यादी वाचली, तीत हे दोघे होते.

"जीभ धुऊन धुऊन स्वच्छ केली ना," लेस्टर म्हणाला, "म्हणून आता वापरायला काढताहेत."

मामा सतरा वर्षांचा होता. कागदावर अठरा सांगितलं. आजीनं त्याच्यासाठी विधीची गाणी म्हणणाऱ्या गायकाला बोलावून रक्षणाचा विधी करवला, कपाळाला मक्याचे परागकण लावले आणि मग ती पाठ फिरवून मेंढ्यांकडं निघून गेली. जाणाऱ्याकडं बघत उभी राहिली नाही.

सैन्यात त्यांना निरोप शत्रूला कळू नयेत म्हणून केलेली सांकेतिक भाषा शिकवली. ती आपल्याच बोलीतून बनवलेली. रणगाडा म्हणजे कासव. पाणबुडी म्हणजे लोखंडी मासा. हातबॉम्ब म्हणजे बटाटे. ज्या शब्दाला असं नाव ठरलेलं नव्हतं, तो एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून सांगायचा, आणि अक्षराला त्याच अक्षराचा एकेक प्राणी, 'एस'साठी मेंढी तसा. सगळं पाठ करायचं, कागदावर काही ठेवायचं नाही. आणि शेवटी शपथ: हे आयुष्यात कुणाला सांगायचं नाही. आईला नाही, बायकोला नाही.

पंचेचाळीस साली ते पॅसिफिकमधल्या एका बेटावर उतरले. त्या बेटाचं नाव मामानं कधी घेतलं नाही. काळी वाळू म्हणायचा फक्त. मामाला किनाऱ्याजवळच्या खड्ड्यात वायरलेसवर बसवलं होतं. लेस्टर एका तुकडीबरोबर पुढं कड्याकडं गेला होता. तिथून तो सांगायचा, मामा ऐकून इंग्रजीत लिहायचा आणि चिठ्ठी तोफखान्याच्या अधिकाऱ्याला द्यायचा.

चौथ्या दिवशी सकाळी लेस्टरची तुकडी ठरल्यापेक्षा बरीच पुढं गेली आणि आपल्याच तोफांचे गोळे तिच्यावर पडायला लागले. लेस्टरनं निरोप दिला. मामानं लिहायला घेतला, पण शेजारीच काहीतरी फुटलं आणि जागेचे मधले दोन आकडे त्याला ऐकूच आले नाहीत.

मामा म्हणाला, "पुन्हा."

लेस्टरनं सगळा निरोप पहिल्यापासून पुन्हा सांगितला. घाई न करता, एकेक शब्द तोडून. संपल्यावर नियम मोडून साध्या बोलीत म्हणाला, "नीट लिही, भाऊ." मग आवाज बंद झाला.

मामानं चिठ्ठी दिली. दोन मिनिटांत तोफा थांबल्या. दुपारी त्या तुकडीतले एकेचाळीस जण चालत खाली आले. त्यांच्यातल्या एकानं सांगितलं की लेस्टरच्या वायरलेसजवळच गोळा पडला. दुसऱ्यांदा निरोप सांगून झाला, त्याच क्षणी.

सेहेचाळीसच्या वसंतात मामा घरी आला. चार दिवसांनी देझबा मावशी घोड्यावरून डोंगराच्या पलीकडून आली. मेलेल्याविषयी विचारू नये, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी तिनं विचारलं. घरातही आली नाही, अंगणातच उभी राहिली.

"तू त्याच्याबरोबर होतास?"

"होतो."

"शेवटी काय बोलला?"

शपथ मोडल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं.

"काहीतरी बोलला असेल."

मामानं मान खाली घातली. माझी आई तेव्हा दाराशी उभी होती. ती सांगायची, मावशी बराच वेळ थांबली. मग घोड्यावर चढली. जाताना एवढंच म्हणाली, "बरोबर नव्हतासच तू."

तेव्हापासून मावशीनं त्याला ओळख दिली नाही. व्यापाऱ्याच्या दुकानात समोर आली तर पिठाच्या पोत्यांकडं बघायची. लोक बोलायला लागले: क्लाइड लढला नाही, किनाऱ्यावर बसून राहिला, भावाला सोडून आला. किनाऱ्यावर बसून राहिला हे खरंच होतं, म्हणून त्याला उलट बोलताही येईना. एकदा जत्रेत कुणीतरी तोंडावर विचारलं, "लढाईत तू काय केलंस रे?"

"रेडिओ ऐकला," मामा म्हणाला.

त्याला झोप लागेनाशी झाली. वारा सुटला की कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. आजीनं चार मेंढ्या कापून शत्रूची बाधा उतरवण्याचा विधी केला. त्यानं बराच फरक पडला. मामा जेवायला लागला, पुढं रस्ता सपाट करण्याच्या यंत्रावर नोकरीला लागला. पण डोंगराच्या पलीकडच्या रस्त्याचं काम निघालं की तो दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचा. ज्या देशासाठी लढला, तिथं मत द्यायचा हक्क आम्हाला अठ्ठेचाळीस साली मिळाला.

अडुसष्ट साली सरकारनं गुप्ततेचं बंधन उठवलं. आमच्यापर्यंत बातमी पुढच्या उन्हाळ्यात आली. मामाच्या जुन्या सोबत्यानं येऊन सांगितलं, "आता बोललं तरी चालतं." सोबती गेल्यावर मामा अंगणात नुसताच फेऱ्या मारत राहिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "पोरी, गाडी काढ. देझबामावशीकडं जायचंय."

मी तेव्हा वीस वर्षांची. म्हटलं, "तुम्ही चालवा ना."

"मला वाटेत काहीतरी मनात म्हणून बघायचंय," तो म्हणाला.

पिठाचं पोतं, कॉफी आणि कलिंगडं घेतली. मावशीच्या होगनसमोर, लाकूड-मातीच्या गोल घरासमोर, गाडी उभी केली आणि आत बसून राहिलो. घरचं माणूस बाहेर येईपर्यंत उतरायचं नसतं. होगनमधून धूर येत होता, म्हणजे ती घरात होती. अर्धा तास गेला. कुत्रा भुंकून दमला. मी म्हटलं, "मामा, नाही येणार ती."

"येईल. नाही आली तर उद्या पुन्हा येऊ."

शेवटी ती आली. सत्तरीची, ताठ, हातात लोकर विंचरायच्या फण्या तशाच. गाडीजवळ येऊन आधी माझ्याकडं बघितलं.

"ही कुणाची?"

मी कूळ सांगितलं. "म्हणजे माझी नात," ती म्हणाली, आणि ओठांनी दाराकडं खुणावलं. "ऊन आहे. आत या."

आत मामा पुरुषांनी बसायच्या बाजूला बसला. कॉफी झाली. मग मामानं शपथेचं सांगितलं. का बोलता आलं नाही, आता का येतं.

मावशी म्हणाली, "तो कसा गेला ते सांगू नकोस. ते घरात नको. काय बोलला तेवढं सांग."

मामानं डोळे मिटले आणि तो निरोप म्हटला. चोवीस वर्षांत त्यातला एक शब्द हलला नव्हता. मेंढी, टर्की, घुबड, डुक्कर अशी सुरुवात होती. मग आकडे, आणखी प्राणी, पुन्हा आकडे.

"घुबडाचं नाव घरात घेऊ नये," मावशी पुटपुटली. थोड्या वेळानं म्हणाली, "आणि हे काय? कळप मोजत होता का तो?"

"नाही मावशी. त्या प्राण्यांची इंग्रजी अक्षरं जोडली की 'स्टॉप' होतं. तोफा थांबवा, गोळे आपल्याच माणसांवर पडताहेत, असं आहे ते."

"हे त्या साबणवाल्या लोकांसाठी?"

"हो."

"थांबल्या तोफा?"

"थांबल्या. एकेचाळीस माणसं परत आली."

मावशी मांडीवरच्या फण्यांकडं बघत होती. मामाचं सांगून झालं नव्हतं. जे खरं सांगायचं होतं ते आता त्याच्या तोंडी आलं. "मावशी, मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. पहिल्यांदा मला आकडे ऐकू आले नाहीत. पहिल्याच वेळी ऐकू आले असते तर तो तिथून हलला असता."

मला वाटलं, आता ती आम्हाला बाहेर काढेल.

"न विचारता लिहिलं असतंस तर?" ती म्हणाली.

"तर भलतीकडचा मारा थांबला असता आणि त्यांच्यावरचा चालूच राहिला असता."

"म्हणजे तोही गेला असता आणि ते एकेचाळीसही."

मामानं मान डोलावली.

"मग पुन्हा विचारलंस ते बरं केलंस. आणखी काय म्हणाला?"

"नीट लिही, भाऊ, म्हणाला."

ती उठली आणि आमच्याकडं पाठ करून चुलीशी गेली. बराच वेळ भांडं ढवळत राहिली. मग मटणाचा रस्सा आणि तळलेली भाकरी आमच्यापुढं ठेवली. मामाला ताट देताना म्हणाली, "सांगितलं नाहीस म्हणून रागावले नव्हते मी. पुन्हा दारात आला नाहीस, त्याचा राग होता. माझं कोण होतं दुसरं?"

मामा तिथं, ताट हातात घेऊन, रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदाच बघितलं. मावशी म्हणाली, "जेव आधी. गार होतंय."

त्यानंतर पाच वर्षं, ती असेपर्यंत, मामा दर वसंतात आठवडाभर तिच्याकडं राहायचा आणि तिच्या मेंढ्यांची लोकर कातरून द्यायचा. ती सावलीत बसून त्याचं काम बघायची. कधी कातडीला कात्री लागायची, कधी पोटाखालची लोकर राहून जायची.

"मुला," ती ओरडायची, "डोळे कुठं आहेत तुझे?"

"इथंच आहेत, मावशी," मामा म्हणायचा, आणि पुढची मेंढी ओढायचा.